केमनच्या हवेच्या तोंडांना जाळी: लावावी का, कुठे, कशी?

मध्यइंजिन

नमस्कार मंडळी.

गाडी २००८ ची पोर्शे केमन एस, ९८७ पिढीतली, ३.४ लिटर, मॅन्युअल. सेकंडहँड घेतलेली. मुक्काम न्यू जर्सी. घराभोवती ओक आणि मेपल, त्यामुळे ऑक्टोबर लागला की पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत पानांचा खच. वसंतात मेपलच्या भिरभिरत येणाऱ्या बिया. आमच्याकडे २०२१ साली सतरा वर्षांनी बाहेर पडणारे सिकाडा किडे आले होते, ते आठवून अजून अंगावर काटा येतो. तेव्हा ही गाडी नव्हती ते बरंच.

या गाडीला पुढे दोन मोठी तोंडं आहेत आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे, दोन्ही कुशींना एकेक. बाजारात या सगळ्यांसाठी जाळ्या मिळतात. कुशीतल्या जाळ्या तर 'कोल्ड एअर इन्टेक स्क्रीन' अशा भारदस्त नावाने विकतात आणि वर इंजिनाचं रक्षण, थंड हवा, चांगला आवाज वगैरे लिहिलेलं असतं. जाळीने आवाज कसा सुधारतो हे मला कळलेलं नाही.

प्रश्न असे. जाळीने हवा अडून ताकद कमी होते का? तयार जाळी घ्यावी की घरी कापावी? आणि बंपर उतरवावा लागतो का? 'गॅरेजला दे' हे उत्तर नको. एका ठिकाणी विचारलं, आकडा ऐकला आणि आभार मानून फोन ठेवला.

डुलकी

मच्छरदाणी लावा, पानं आणि डास एकदमच बंद. (ह. घ्या.)

पण खरंच विचारतो, पुढे तोंडं, बाजूला तोंडं, मग इंजिन नक्की आहे कुठे?

रेडलाईन_रेवती

डुलकी, इंजिन सीटांच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे. सहा सिलिंडर, तीन इकडे तीन तिकडे, आडवे झोपलेले. पण रेडिएटर मागे नाहीत, ते पुढे आहेत, बंपरच्या दोन कोपऱ्यांत एकेक. म्हणजे पाणी गाडीच्या पोटाखालच्या पाइपांतून पुढे जातं, थंड होतं, परत मागे येतं. काही मॉडेलांत मधे तिसराही रेडिएटर असतो. मध्यइंजिन, तुमच्यात आहे का ते टॉर्च मारून बघून घ्या.

माझ्याकडे पोर्शेचीच जुनी ९८६ बॉक्स्टर आहे, रचना तीच. तर पहिली गोष्ट: पुढची जाळी आणि कुशीतली जाळी हे दोन वेगळे विषय आहेत. विकणारे एकाच पाकिटात घालतात म्हणून आपण एकत्र धरायचे कारण नाही.

पुढच्या तोंडांत आधी एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे लगेच रेडिएटर. दोघांच्या मधे बोटभर फट. पानं कंडेन्सरच्या कडेने या फटीत उतरतात आणि तिथेच राहतात. बाहेरून बघाल तर चार पानं दिसतील, खरा माल आत. त्यात पाऊस, त्यात तुमच्याकडचं हिवाळी मीठ. तो ओला लगदा ॲल्युमिनियमला महिनोन्‌महिने चिकटून राहतो आणि खालच्या कडेपासून धातू खाल्ला जातो. गॅस गळाला की कंडेन्सर, पाणी गळालं की रेडिएटर. म्हणून पुढच्या जाळीला माझं डोळे झाकून अनुमोदन.

कुशीचं सांगायचं तर अमेरिकेतल्या गाडीत चालकाच्या बाजूचं, म्हणजे डावीकडचं तोंड इंजिनाला श्वासासाठी हवा देतं. तिथून डक्ट (हवेची नळी), मग एअरबॉक्स (फिल्टरचा डबा), मग फिल्टर. उजवीकडचं तोंड इंजिनाच्या कप्प्यात वारा खेळवायला. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून डाव्या जाळीजवळ टिश्यूचा कपटा धरा.

डाव्या तोंडातून आलेली पानं फिल्टरपाशीच अडतात, इंजिनात जात नाहीत. मग 'इंजिनाचं रक्षण' कशापासून, ते विकणाऱ्याला विचारा.

वंगणकाका

रेवतीताईंनी विषय नीट सोडवलाय. ताकदीच्या प्रश्नाला मी गणिताने उत्तर देतो, कारण या विषयावर छातीठोक बोलणारे पुष्कळ आणि कागद-पेन्सिल घेणारे कमी.

केमन एसचं ३.४ लिटर इंजिन २९५ अश्वशक्ती देतं, ती ६२५० आरपीएमला. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा भरणार. ३.४ गुणिले ६२५० भागिले २, झाले मिनिटाला १०,६२५ लिटर. सेकंदाला १७७ लिटर. समजा तोंडाचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरलं, तर हवेचा वेग येतो सेकंदाला जवळपास १२ मीटर. सायकलवर जोरात जाताना लागतो तेवढा वारा, फार काही नाही.

आता जाळी. विणलेल्या जाळीत मोकळी जागा किती हे काढायला भोकाची रुंदी भागिले भोक अधिक तार, आणि त्याचा वर्ग. ३ मिलिमीटरचं भोक आणि १ मिलिमीटरची तार असेल तर तीन चतुर्थांशचा वर्ग, म्हणजे ५६ टक्के मोकळं. ६ मिलिमीटरचं भोक घेतलं, तार तीच, तर ७३ टक्के.

५६ टक्केवाल्या जाळीतून या वेगाने हवा गेली तर दाब पडतो ढोबळमानाने ९० पास्कल. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल. म्हणजे तोटा हजारात एकाहून कमी. २९५ अश्वशक्तीतली पाव अश्वशक्ती गेली म्हणा. मोठ्या भोकाच्या जाळीत त्याच्याही निम्मी.

मात्र तीच बारीक जाळी तीन चतुर्थांश पानांनी भरली की उरलेल्या भोकांतून तेवढीच हवा ओढायची असते. वेग चौपट होतो आणि दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो. मग हिशेब दीड हजार पास्कलच्या घरात जातो, म्हणजे जवळपास दीड टक्का. चारएक अश्वशक्ती गेल्या. आणि हे फक्त पूर्ण पाय दाबल्यावर. बाजारहाट करताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडपच, जवळजवळ बंद असते, तिथे जाळीला कोण विचारतो.

उलट बाजूही सांगतो. पुढून येणाऱ्या वाऱ्याने हवा आत 'कोंबली' जाते असं जाहिरातीत म्हणतात. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा सगळाच्या सगळा दाब पकडला तरी ४६० पास्कल होतात. अर्धा टक्कासुद्धा नाही.

पेठेतला_पिस्टन

काका, जबरदस्त. वाचनखूण साठवली.

पण मग 'कोल्ड एअर' हा प्रकार थोतांड का? पुण्यात आमच्या ग्रुपात निम्म्या जणांनी टर्बो हॅचबॅकला कोल्ड एअर इन्टेक बसवलेत. आवाज येतो हे मात्र खरं, सूं करून. मीही घ्यायच्या विचारात आहे. त्याला जाळी लावली तर धूळ कमी जाईल का?

वंगणकाका

थोतांड नाही, थंड हवा खरोखर दाट असते. २५ अंशांची हवा तापून ४० ला गेली तर घनता जवळपास पाच टक्के घटते. म्हणजे जाळीच्या तोट्याच्या पन्नासपट. म्हणून हवा कुठून घेतली हे महत्त्वाचं. पण कंपनीने बसवलेली नळीसुद्धा बहुतेक गाड्यांत बाहेरूनच हवा घेते, रेडिएटरच्या वरून किंवा फेंडरमधून. तुम्ही तो डबा काढून बोनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावलात तर तो इंजिनाचीच तापलेली हवा ओढणार. नाव थंड, हवा गरम. सूं मात्र भरपूर.

धुळीबद्दल: जाळी धूळ अडवत नाही. धुळीचे कण मायक्रॉनमध्ये मोजतात, जाळीची भोकं मिलिमीटरमध्ये. पुण्यात जिथे तिथे खोदकाम चालू असताना कागदी फिल्टर वेळेवर बदलणे, एवढाच उपाय. तेल लावायचा कापडी फिल्टर घेतलात तर तेल बेताने लावा, जास्त झालेलं तेल मॅफ सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर जाऊन बसतं.

आणि फेंडरच्या खाली, बंपरच्या पोटात फिल्टर नेणारी किटं पुण्याच्या पावसात घेऊ नका. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि फिल्टर त्यात बुडला तर इंजिन पाणी ओढेल. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पेठेतला_पिस्टन

समजलं. किटचा विचार रद्द, पैसे टायरला.

अवांतर: इथे पानांपेक्षा बुचाची फुलं त्रास देतात. गाडी बुचाखाली लावली की काचेखालच्या पन्हाळीत लगदा, आणि पावसात पाणी निघायची भोकं बंद. चिंचेखाली लावणाऱ्यांनी तर जाळीचा नादच सोडावा, ती पानं कशातूनही जातात.

ट्रॅकवरचा_तुका

थोडा विरोधी सूर लावतो. मी कॅलिफोर्नियात, गाडी ९८७ केमनच, वर्षातून काही वेळा लगुना सेकाच्या रेसट्रॅकला नेतो. मीठ नाही, ओक आहेत पण त्यांची पानं बारकी. सुरुवातीला पुढे बारीक जाळी लावली होती, काढून टाकली.

कारण असं. ट्रॅकवर तापलेल्या टायरांचे रबराचे गोळे उडतात, 'मार्बल्स' म्हणतात त्यांना. ते गरम, चिकट. बारीक जाळीवर येऊन बसले की निघत नाहीत. वळणं संपून चढाला लागलं की पाण्याचं तापमान चढलेलं दिसायचं. काकांचं गणित इंजिनाच्या हवेचं आहे, ते बरोबरच आहे. पण वेगात असताना रेडिएटरला हवा नुसत्या वाऱ्याने मिळते, तिथे ओढायला पिस्टन नसतात. समोर अडथळा आला की हवेला दुसरी वाट मोकळी असते, ती बंपरला वळसा घालून निघून जाते.

शिवाय एकदा जाळी लागली की लोक 'आता काळजी नाही' म्हणून आत बघायचंच सोडतात. बारीक कचरा तरीही आत जातोच, आणि आता तो बाहेर काढायला जाळी आड येते. माझं मत: जाळी नको, दरवर्षी बंपर उतरवून साफसफाई.

रेडलाईन_रेवती

तुका, हवा वळसा घालते हा मुद्दा एकदम मान्य. म्हणूनच पुढे बारीक जाळी नको, ६ मिलिमीटरच्या आसपास भोक हवं. ओकचं पान, मेपलची बी, पिशवीचा तुकडा, एवढं अडलं की काम झालं. बाकीचं आत जाऊ दे.

पण 'दरवर्षी बंपर उतरवा' हे तुम्ही सवयीने म्हणताय. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, लहान मूल आहे आणि गराजमध्ये उभं राहायला जागा नाही, तो दरवर्षी करणार नाही. तीन वर्षांनी करेल, आणि त्या तीन वर्षांत जाळी असलेली बरी की नसलेली? शिवाय रस्त्यावरचे खडे. ट्रकच्या मागे चालताना उडालेला सुपारीएवढा खडा कंडेन्सरच्या नळीला लागला तर जे नुकसान होतं ते जाळीच्या किमतीच्या कितीतरी पट.

ट्रॅकवरचा_तुका

खड्याचा मुद्दा मान्य. पण सुपारीएवढाच अडेल. खरी वाळू आणि बारीक खडी ६ मिलिमीटरमधून आरामात जाते, आणि फिनी (कंडेन्सर-रेडिएटरच्या पातळ पत्र्या) वाकवणारी तीच असते.

रस्त्यावरच्या गाडीला मोठ्या भोकाची जाळी ठीक आहे म्हणतो. ट्रॅकला नेताना काढता येईल अशी बसवा, एवढी दुरुस्ती सुचवतो.

हिवाळीगाडी

मिशिगनहून. कुशीतल्या जाळीला सगळ्यांनी निकालात काढलंय, म्हणून लिहितोय.

इथे आम्ही नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवतो ती एप्रिलमध्ये बाहेर काढतो. या पाच महिन्यांत डाव्या कुशीतलं तोंड म्हणजे उंदरांना उघडा दरवाजा. आत डक्ट, पुढे एअरबॉक्स, त्यात मऊ कागदी फिल्टर. वारा नाही, मांजर नाही, गादी तयार. ओळखीतल्या एकाच्या एअरबॉक्समध्ये घरटं निघालं होतं. इन्सुलेशनचा कापूस, फिल्टरचे कुरतडलेले तुकडे आणि असह्य वास. फिल्टरला भोक पडलं की रेवतीताई म्हणतात ते 'फिल्टरपाशी अडतं' संपलं.

उंदीर पेन्सिलच्या जाडीच्या, म्हणजे पाव इंचाच्या भोकातून जाऊ शकतो. म्हणून इथे हार्डवेअरच्या दुकानातली पाव इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी वापरतात. पाव इंच म्हणजे तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, प्रत्यक्ष भोक त्याहून जरा लहानच. अर्ध्या इंचाची घेऊ नका, पिल्लं सहज जातात.

थंड हवा, आवाज, सगळं सोडा. उंदरांसाठी दोन्ही कुशींना जाळी लावा. उजवीकडेही, कारण तिथून इंजिनाच्या कप्प्यात जातात आणि वायरी खातात.

पेठेतला_पिस्टन

आमच्याकडे उंदरांसाठी बोनेटखाली तंबाखूची पुडी बांधतात. उपयोग किती होतो माहीत नाही, गाडी मात्र पानटपरीसारखी वास मारते.

रेडलाईन_रेवती

हिवाळीगाडी, +१. उंदीर हे कुशीतल्या जाळीचं एकमेव पटणारं कारण. तसं पाकिटावर लिहिलं तर खप वाढेल.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून एक-दोन गोष्टी.

स्टेनलेसची जाळी सगळ्यांना आवडते, दिसतेही छान. ब्रिटनची झुनस्पोर्ट विणलेल्या स्टेनलेसच्याच बनवते, गाडीच्या मापाने. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे मिठाचं पाणी आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणजे जाळी शाबूत आणि ज्याला वाचवायचं तो कंडेन्सर खलास. जाळी कंडेन्सरच्या फिनींना कुठेही टेकता कामा नये. मधे बोटभर अंतर ठेवा आणि कडेला रबराची पट्टी लावा. घरची जाळी असेल तर सरळ ॲल्युमिनियमची घ्या, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

दुसरं, जाळी ग्रिलच्या मागून लावा, पुढून नको. कापलेल्या तारांची टोकं बाहेर आली तर इथे तपासणीत अडवतात आणि धुताना हात कापतो ते वेगळंच.

अवांतर: पोर्शे म्हटलं की लोक श्टुटगार्टचं नाव घेतात, पण ९८७ केमन फिनलंडमध्ये उसिकाउपुंकी गावात, वाल्मेतच्या कारखान्यात बनायची. मध्यइंजिन, तुमच्या व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) अकरावं अक्षर बघा, 'यू' असेल.

मध्यइंजिन

'यू'च आहे! म्हणजे मी जर्मन म्हणून मिरवत होतो ती फिनिश निघाली. बायकोला सांगणार नाही.

सगळ्यांचं वाचून ठरवलंय: पुढे ॲल्युमिनियमची मोठ्या भोकाची जाळी, कुशींना पाव इंची. घरीच कापणार, कारण तयार संच दोनशे डॉलरच्या वर जातात आणि घरचं सामान त्याच्या पाव किमतीहून कमीत येतं. रेवतीताई, बंपर उतरवण्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का?

रेडलाईन_रेवती

लिहिते. माझा अनुभव ९८६ चा आहे, ९८७ मध्ये स्क्रूंच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतील, पण क्रम तोच.

नुसती जाळी लावायला बंपर उतरवायलाच हवा असं नाही. पुढच्या तोंडांतल्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या मागे हात घालून होतं. पण आत कचरा तसाच ठेवून पुढे जाळी लावणं म्हणजे त्याला कायमचा मुक्काम देणं. म्हणून पहिल्यांदा तरी उतरवाच.

गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, नुसत्या जॅकवर खाली हात घालू नका. पुढची डिकी उघडा, कुलपाभोवतीचं प्लास्टिकचं झाकण काढा, त्याखाली बंपरचे वरचे स्क्रू दिसतात. टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराचे) बिट लागतात, नेहमीचा फुली स्क्रूड्रायव्हर घालून डोकं खराब करू नका. मग दोन्ही चाकांच्या कमानीत, लायनरच्या (आतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या) पुढच्या कडेचे स्क्रू. मग पोटाखालचे. बाजूचे छोटे दिवे काढा, त्यांच्या मागे एकेक स्क्रू लपलेला असतो, तो विसरला की माणूस बंपर ओढत बसतो आणि टॅब तुटतो. दिव्यांचे आणि बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचे कनेक्टर सोडवा. हेडलाइट धुणारे फवारे असतील तर त्यांची नळीही. कोपरे बाहेर ओढून बंपर सरळ पुढे. दोघं असा, एकट्याने केलं तर रंगाला ओरखडा ठरलेला. खाली जुनी चादर अंथरून ठेवा.

आता साफसफाई, आणि हा खरा कार्यक्रम. आधी कोरडंच. व्हॅक्यूमला चपटी नळी लावून जेवढं निघेल तेवढं काढा. आधी पाणी मारलंत तर पानांचा चिखल होऊन फिनींत बसेल. मग कंडेन्सरचे बोल्ट काढून तो हलकेच पुढे कलता करा. एसीचे पाइप सोडवायचे नाहीत, गॅस तसाच राहतो, पाइपांना जेवढं सहज जमेल तेवढंच पुढे घ्या. मधल्या फटीतला माल हाताने काढा. शेवटी बागेच्या नळीने, मागून पुढे, कमी दाबाने पाणी. प्रेशर वॉशर बिलकूल नको, फिनी आडव्या होतात आणि मग जाळी लावा न लावा, हवा जायची नाही. वाकलेल्या फिनींसाठी फिन कोंब (कंगवा) मिळतो, स्वस्त असतो.

हे सगळं उघडं आहे तोवर कंडेन्सरच्या खालच्या कडेवर बोट फिरवा. पांढरी भुकटी, तेलकट डाग दिसले तर फोटो काढून ठेवा.

जाळी: आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. तो तोंडात बसवून बघा, मग त्याच्यावरून जाळी, चारही बाजूंनी बोटभर जास्त ठेवून. ती जास्तीची कड मागे दुमडा, म्हणजे टोकंही लपतात आणि जाळीला ताठपणा येतो. वर यू आकाराची रबरी पट्टी. काळी करायची असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर आधी, मग हलके दोन हात. जाड फवारा मारला की भोकं बुजतात आणि काकांचं ५६ टक्के ४० वर येतं.

बांधायला काळे, उन्हात टिकणारे झिप टाय, प्लास्टिकच्या पट्ट्यांना मागून. पांढरे लावू नका, वर्षभरात कडक होऊन तुटतात. सैल जाळी खडखडते, आणि तो आवाज नेमका कुठून येतोय ते शोधण्यात आठवडा जातो.

कुशीतलं ग्रिल क्लिपांवर असतं. थंडीत प्लास्टिक कडक होतं, त्यामुळे ऊन असताना, प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने, एका कोपऱ्यापासून. जाळी ग्रिलच्या आतल्या बाजूला बांधा आणि परत दाबून बसवा. इथे जाळी फिल्टरच्या कितीतरी आधी येते, त्यामुळे मॅफ सेन्सरच्या वाचनावर परिणाम होत नाही. फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलच्या बाजूला जाळी लावायचा सल्ला कुठे वाचलात तर विसरून जा. तिथे तार तुटली तर थेट सिलिंडरमध्ये.

केमनमध्ये फिल्टर बघायला आतलं कारपेट आणि सीटांमागचं इंजिनावरचं झाकण काढावं लागतं. एवढं चाललंच आहे तर तेही करून टाका, उंदीरमामा आधीच येऊन गेलेत का ते कळेल.

डुलकी

एवढं सगळं वाचून माझी सात वर्षांची कोरोला मला फार गुणी वाटायला लागली आहे.

मध्यइंजिन

काम झालं. मित्र मदतीला आला होता, त्याला मिसळीचं आमिष होतं.

बाहेरून बघितलं तेव्हा ओंजळभर पानं असतील असं वाटलं होतं. उजव्या बाजूच्या फटीतून निघालेल्या मालाने बादली निम्मी भरली. खालचा थर पानांचा राहिलाच नव्हता, काळी माती झाली होती, त्यात चॉकलेटचा कागद आणि सिकाडाचे पंखही. डावी बाजू मानाने बरी. उजव्या कंडेन्सरच्या खालच्या कडेला पांढरी भुकटी आहे, तेलकट डाग नाहीत. एसी थंड आहे. फोटो काढून ठेवलेत.

पुढे ॲल्युमिनियमची जाळी, काळी केलेली, फिनींपासून बोटभर लांब. कुशींना पाव इंची. डाव्या एअरबॉक्समध्ये घरटं नव्हतं, फिल्टर मात्र काळा पडला होता, बदलला. लांबून जाळी दिसतही नाही. तुकाच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या जाळ्या वेगळ्या काढता येतील अशा बांधल्यात.

ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून ठेवलाय. हायवेवर कूलंटच्या (रेडिएटरमधल्या पाण्याच्या) तापमानाचा आकडा आधीपेक्षा किंचित खाली दिसतोय, ट्रॅफिकमध्ये चढतो आणि पंखा लागला की उतरतो. म्हणजे जाळीने काही बिघडलं नाही, उलट सुधारलं!

वंगणकाका

अभिनंदन, पण शेवटच्या वाक्याला हरकत घेतो. तुम्ही बादलीभर कचरा काढलात आणि त्याच दिवशी जाळी लावलीत. आकडा खाली आला तो कचरा गेल्यामुळे. जाळीने तो किती वर ढकलला हे यातून कळत नाही, कारण जाळीशिवायचा स्वच्छ रेडिएटर तुम्ही चालवलेलाच नाही.

कळायला हवं असेल तर पुढच्या जाळ्या काढा, तोच रस्ता, तोच वेग, बाहेरचं तापमान साधारण तेवढंच, आणि आकडा बघा. मग जाळ्या लावून परत. एसी दोन्ही वेळा एकतर चालू किंवा दोन्ही वेळा बंद. माझा अंदाज, हायवेवर फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा. तुकाच्या चढावर जास्त दिसेल.

ट्रॅकवरचा_तुका

काकांना अनुमोदन. आणि आकडे इथे टाका. जाळीबाजूचे आणि जाळीविरोधक दोघंही आजवर अंदाजानेच भांडत आलोय, मीही त्यातलाच.

हिवाळीगाडी

उजव्या कंडेन्सरवरच्या पांढऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. इथे मीठ पडायला लागलं की महिन्यातून एखादा दिवस तापमान शून्याच्या वर गेलेलं बघून पुढून नळीने पाणी मारतो, जाळीतूनच. कचऱ्यासाठी नाही, मीठ धुवायला. जाळी मोठ्या भोकाची असल्याने पाणी आतपर्यंत जातं, बारीक असती तर अर्धं अंगावर परत आलं असतं.

मध्यइंजिन

काका, हरकत मंजूर. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो, तेव्हा दोन्ही फेऱ्या करतो आणि आकडे टाकतो. झिप टाय कापायचेत तेवढेच, नवे पाकीट आणून ठेवलंय.

रेडलाईन_रेवती

कापताना खाली हात धरा. तुकडा डक्टमध्ये पडला तर सरळ त्या फटीत जातो, आणि मग परत बंपर.